एन. डी. पाटील सरांचा वारसा नेमका कोणता?

आपला प्रश्न असा आहे की, प्रा. एन. डी. पाटील कोल्हापुरातून एकदाच विधानसभेवर निवडून गेले, त्यांचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) त्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसत गेला, आणि त्यांच्या मागे ना कारखाना आहे ना दूध संघ. मग त्यांचा वारसा म्हणायचा तो कशाला? आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुढाऱ्याचे मोजमाप कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांवरूनच होत आले असल्यामुळे हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सर मात्र १९७८ ते १९८० या काळात पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री होते, म्हणजे ज्या खात्यातून अशी साम्राज्ये उभी राहतात तेच खाते त्यांच्या हाती होते, आणि तरीही त्यांनी स्वतःच्या ताब्यातली एकही संस्था उभी केली नाही. उत्तराची सुरुवात माझ्या मते इथूनच करावी लागते.

त्यांचा जन्म १५ जुलै १९२९ रोजी सांगली जिल्ह्यातील ढवळी येथे शेतकरी कुटुंबात झाला. अर्थशास्त्रात एम. ए. झाल्यावर त्यांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात अध्यापन केले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांबरोबर काम केले. पुढे इस्लामपूरच्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. शेकापशी त्यांचे नाते १९४८ पासूनचे, आणि ते शेवटपर्यंत टिकले. विधान परिषदेवर ते १९६० पासून तीन वेळा गेले, तर १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूरचे आमदार होते. ही पदांची यादी कोणत्याही परिचयपत्रात मिळेल, म्हणून तिच्यावर मी अधिक वेळ घालवत नाही.

सरांची खरी ओळख पटते ती कोल्हापूर शहरातील टोलविरोधी लढ्यात. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी यांच्यातील करारानुसार शहरात सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते सुमारे २२० कोटी रुपये खर्चून होणार होते, आणि त्या बदल्यात ३० वर्षे टोल वसूल केला जाणार होता. शिवाय टेंबलाईवाडीचा मोक्याचा भूखंडही कंपनीला द्यायचा होता. कोल्हापूरकराला चीड यायला एवढे पुरेसे होते. पण नुसत्या चिडीवर आंदोलन फार दिवस चालत नाही, हे सर पुरते जाणून होते. सभेत ते भाषण करायला उभे राहत तेव्हा शाहिरी थाटाची टाळीची वाक्ये नसत. करारात काय लिहिले आहे, त्यातले प्रत्यक्षात किती झाले, गटारी आणि पदपथ कुठे अर्धवट सोडले, झालेल्या कामाची किंमत किती आणि वसूल होणारी रक्कम किती, हा हिशेब ते वर्गात गणित सोडवून दाखवणाऱ्या मास्तरासारखा पायरीपायरीने मांडत. त्यामुळे मंडळाच्या कार्यकर्त्यापासून वकिलापर्यंत प्रत्येकाला आपण टोल का देणार नाही हे स्वतःच्या शब्दांत सांगता येऊ लागले. टोलविरोधी कृती समितीत सर्व पक्षांचे आणि तालमींचे लोक होते, तेव्हा श्रेय एकट्या सरांचे नाही. तरीही झालेल्या कामाचे मूल्यांकन करा ही मागणी लावून धरल्यामुळेच शासनाला टाळाटाळ करणे अवघड झाले, असे माझे ठाम मत आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये लोकांचा संताप अनावर होऊन टोलनाके पेटले, आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. तेव्हा सरांचे वय ८६ होते.

याच काळात, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, या लढ्यातील त्यांचे सहकारी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरातील सागरमाळ परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती, ज्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपद सरांकडे होते. इतक्या जवळची दोन माणसे गमावल्यावर त्या वयात कोणी घरी बसले असते तरी लोकांनी समजून घेतले असते. सर मात्र निषेधाच्या सभांना येत राहिले. कोल्हापूर त्या दिवसांत सुन्न झाले होते, आणि व्यासपीठावर त्यांना पाहूनच अनेकांना धीर येई; मी त्यांपैकी एक आहे.

रायगडमधील महामुंबई सेझविरोधी (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या) लढ्यातही त्यांची हिशेब मांडून बोलण्याची हीच पद्धत होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष म्हणून तर कागदपत्र आणि पुरावे हेच त्यांचे मुख्य काम झाले. रयत शिक्षण संस्थेचे ते १९९० ते २००८ पर्यंत चेअरमन होते. इतकी मोठी संस्था इतकी वर्षे हाती असूनही ती घराण्याची जहागीर झाली नाही. शरद पवारांचे ते सख्खे मेहुणे होते, पण राजकीय मतभेद त्यांनी कधी लपवले नाहीत.

पक्षाची वाढ झाली नाही, हा आपला आक्षेप खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. चळवळीत आलेले तरुण पुढे निवडणुकीसाठी कारखान्याच्या गटातटांकडे वळले, आणि त्यांना थांबवील अशी पक्षबांधणी सरांना करता आली नाही. परंतु १७ जानेवारी २०२२ रोजी ते कोल्हापुरात निवर्तले, त्यानंतर नागपूर ते गोवा अशा नियोजित शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध जिल्ह्यातील शेतकरी उभे राहिले, तेव्हा गट नंबर आणि बाधित क्षेत्र यांची माहिती हाती घेऊन ते बोलत होते, आणि मोर्चाही काढत होते. सरांचा वारसा मला तिथे दिसतो. आपण अभ्यास करणार असाल तर आमदारकीची पाच वर्षे बाजूला ठेवून टोलविरोधी आंदोलनाच्या काळातील स्थानिक वृत्तपत्रांचे अंक ओळीने वाचावेत.