दर रविवारी पहाटे सर्व्हरचं पॅचिंग (अपडेट बसवणं), आणि ऑन-कॉल माणसाचा फोन उगाच वाजतो: सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रोमेथियसमध्ये काय करावं?

अलर्टचे नियम बंद करू नका. ते परत सुरू करायचं हमखास राहून जातं. हे काम अलर्टमॅनेजरच्या (प्रोमेथियसचे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) सायलेन्सचं, म्हणजे ठरावीक वेळ निरोप थांबवण्याच्या सोयीचं आहे.

पॅचिंगच्या स्क्रिप्टमध्येच सुरुवातीला अ‍ॅमटूल (अलर्टमॅनेजरची कमांड) चालवून फक्त त्या सर्व्हरच्या इन्स्टन्स लेबलवर (अलर्ट कुठल्या सर्व्हरचा हे सांगणारी खूण) सायलेन्स लावा. त्या लेबलात पोर्टही असतो (सर्व्हरची आकडेवारी देणाऱ्या नोड एक्सपोर्टरचा ९१००), त्यामुळे नुसतं सर्व्हरचं नाव दिलंत तर जुळणार नाही, रेजेक्स (नमुन्यावरून जुळवणी) वापरा. मुदत दिली नाही तर १ तास धरली जाते. काम २० मिनिटांचं असेल तर ३० मिनिटंच द्या. कमांडमधून मिळणारा आयडी जपून ठेवा आणि स्क्रिप्ट संपताना, ती मध्येच फसली तरीही, त्याच आयडीने सायलेन्स संपवा. हे ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणारा भाग) टाकणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण सर्व्हर परत उठलाच नाही तर तेव्हाच अलर्ट हवा असतो. सायलेन्समध्ये अलर्ट पेटलेलाच राहतो, फक्त निरोप जात नाही. सायलेन्स संपल्यावर थोड्या वेळात तो जातो.

वेळ कायमची ठरलेली असेल तर अलर्टमॅनेजरच्या राउटमध्ये (कुठला अलर्ट कुणाकडे जाईल ते ठरवणारा भाग) म्यूट टाइम इंटरव्हलही, म्हणजे निरोप बंद ठेवायची ठरलेली वेळ, लावता येतो. पण तिथे टाइमझोन दिला नाही तर वेळ यूटीसी धरली जाते. आपली रविवार पहाटे २ची वेळ तिथे शनिवार रात्री ८:३० असते, म्हणजे वारही बदलतो! लोकेशनमध्ये एशिया/कोलकाता लिहा. तरी काम कधी लांबतं, कधी रद्द होतं, म्हणून मी स्क्रिप्टमधला सायलेन्सच निवडेन.