कॉन्टॅक्ट लेन्स साफ करायच्या पेरॉक्साइडच्या सोल्युशनमधून लेन्स दोन तासांनी काढून घातल्या तर चालतं का?

नाही, दोन तासांनी अजिबात घालू नका. त्या बाटलीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. सोबत मिळणाऱ्या उभ्या डबीत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते, तिच्यामुळे पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होतं. बारीक बुडबुडे सरसर वर चढताना दिसतात, तो हाच ऑक्सिजन. पण बुडबुडे कमी झाले म्हणजे काम झालं असं नाही. निदान ६ तास हवेतच. रात्री ठेवा, सकाळी घाला.

माझ्या बहिणीने रत्नागिरीहून गाडी पकडायच्या घाईत तासाभरातच लेन्स घातली. डोळ्यात मिरचीचा हात लागावा तशी आग! लेन्स लगेच काढून डोळ्यावर भरपूर पाणी मारलं, तरी दुपारपर्यंत डोळा लालभडक होता. असं झालं तर डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवाच.

साध्या चपट्या डबीत हे सोल्युशन ओतू नका. तिच्यात चकती नसते, त्यामुळे रात्रभर ठेवलं तरी ते डोळ्याला झोंबणारच. नव्या बाटलीबरोबर आलेली नवी डबीच वापरा, जुनी टाकून द्या. जखमेवर लावायचं पेरॉक्साइड तर लेन्सला नकोच.

आणि आपल्या कोकणातली सवय म्हणून सांगतो, विहिरीच्या पाण्याने लेन्स विसळू नका, पाणी कितीही नितळ असलं तरी. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग बुबुळावर झाला तर नजर जाऊ शकते. विसळायचीच असेल तर निर्जंतुक सलाइनने विसळा.