थंडीपेक्षा अंधाराची तयारी करा

तुमचे प्रश्न दोन: उत्तर युरोपात पहिला हिवाळा निभेल का, आणि जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असूनही इथे तेव्हाच एवढी थंडी का? दुसऱ्यापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. फरक जेमतेम तीन टक्के. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो म्हणून. डिसेंबरात उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो. ६० अक्षांशावर, म्हणजे ऑस्लो-हेलसिंकीच्या पट्ट्यात, तेव्हा दिवस सहा तासांचाही भरत नाही आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर साडेसहा अंशच चढतो. तिरपे किरण मोठ्या जागेवर पसरतात, ऊब कशी मिळणार?

म्हणून घर बघताना दक्षिणेची खिडकी आहे का ते आधी विचारा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, पूर्वेच्या बाल्कनीचा तेव्हा काही उपयोग नाही. समोरची इमारतही बघा. डिसेंबरात भर दुपारी सावली उंचीच्या साडेआठपट पडते, दहा मीटरच्या इमारतीची तब्बल ८५ मीटर! (जाहिरातीतले फोटो बहुधा जूनमधले असतात.)

थंडीला कपडे आहेत हो. उन्हाळ्याची ओढ लागते ती उजेडासाठी. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. काहींची मरगळ हंगामी नैराश्यापर्यंत जाते. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा रूढ उपचार, पण आधी डॉक्टरांना विचारा.

२१ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, तरी कडाका जानेवारी-फेब्रुवारीतच असतो, कारण जमीन आणि समुद्र साठवलेली उष्णता सावकाश सोडतात. तेव्हा थर्मामीटरकडे बघून खचू नका, सूर्यास्ताची वेळ बघा. मार्चमध्ये दिवस रोज पाच मिनिटांहून जास्त वाढतो.

रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर मार्च-एप्रिल मागा. नोव्हेंबर टाळा. तेव्हा उजेड परावर्तित करायला धड बर्फही नसतो. आणि जाड पडदे आठवणीने घ्या, जूनमध्ये रात्री साडेदहालाही बाहेर उजेड असतो.