दहा वाजून गेल्यावर मीटर लागत नाही

ताई, सांगलीजवळ तुमच्या घरामागे लग्नाचं लॉन. तिथे रात्री साडेअकरापर्यंत डॉल्बी लावतात, फळीवरचे स्टीलचे डबे किणकिणतात, सासूबाई छातीवर हात धरून बसतात, भिंतीला तडा गेलाय. पोलीस आले, आवाजाच्या मीटरवर ५३ डेसिबल आलं, ‘मर्यादेत आहे’ म्हणून गेले. लग्नसराईत अशी पत्रं सतत येतात.

त्या ५३ वर वाद घालत बसू नका. कायद्यातलं डेसिबल ‘ए’ मापानं मोजतात आणि ते माप खर्जाचा आवाज फार कमी धरतं. ५० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या, आवाजातून जवळपास ३० डेसिबल वजा होतात. ८५ चा दणका मीटरवर ५५ दिसतो. भिंत हादरते, काटा हादरत नाही.

तुमचं सगळं प्रकरण ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधल्या नियम ५(२) वर उभं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सूट आहे ती बंदिस्त जागेला, तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. लॉनला छप्परही नाही, भिंतही नाही. सण-उत्सवांसाठी बारापर्यंत मुभा देता येते, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस; खासगी लग्न त्यात बसेल असं मला वाटत नाही. आणि नियम ७ प्रमाणे रात्रीची बंदी मोडली एवढ्यावर तक्रार करता येते, मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त भरलेच पाहिजेत असं नाही.

पण तीन लग्नसराया तुम्ही नुसते फोन केलेत! एक कागद नाही, एक पोच नाही. न्यायालयात आधीच तारखांवर तारखा पडतात, तिथे ‘आम्ही तोंडी सांगितलं होतं’ कोण ऐकणार?

पुढच्या लग्नाला दहा वाजून पाच मिनिटांनी ११२ लावा. गच्चीवरून चित्रण करा, घड्याळ आणि उघडं लॉन एकाच चौकटीत येऊ द्या. सकाळी लेखी अर्ज द्या, तो पोलीस उपअधीक्षकांच्या नावे, कारण नियमांतला ‘प्राधिकारी’ त्या दर्जाच्या खालचा नसतो. ठाणे अंमलदाराला सांगून भागत नाही. नियम ८ खाली आवाज बंद करण्याचा लेखी आदेश मागा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

भिंतीच्या तड्याची भरपाई मिळेल का, ते अभियंत्याचा अहवाल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तो दावा वेगळा, आणि लांबणारा. आधी अर्ज.