सुपरमॅनचा 'पुनर्जन्म' आणि जीन ग्रेचा तोत

प्रश्न साताऱ्यातल्याच एका कॉलेजकुमाराचा आहे. थोडक्यात असा: अमेरिकी कॉमिक्समधला आवडता नायक मरतो, आम्ही हळहळतो, आणि काही वर्षांनी तो हजर. याला पुनर्जन्म म्हणायचं की पुनरुज्जीवन? आधी छापलेली गोष्टच मागाहून फिरवतात त्या 'रिटकॉन'ला मराठी शब्द आहे का? आणि फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन, त्याच्याबद्दल काय म्हणावं?

पहिलं उरकून टाकतो. पुनर्जन्म नाही म्हणजे नाही. राजवाड्याच्या चौपाटीवरच्या पोरांपासून बातम्या वाचणाऱ्यांपर्यंत जो तो 'सुपरमॅनचा पुनर्जन्म' म्हणतो, कान किटले आता. पुनर्जन्माला आईचं पोट लागतं, बारसं लागतं. १९९३ मध्ये सुपरमॅन परत आला तो तेच नाव, तोच चेहरा घेऊन. केस तेवढे खांद्यापर्यंत वाढलेले. एक अपवाद आपल्याकडे आहे. मेला समजून ज्याचं क्रियाकर्म झालं तो माणूस घरी परतला, तर धर्मसिंधूप्रमाणे त्याला तुपात न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावे लागतात, स्वतःच्याच बायकोशी लग्नसुद्धा. एवढं सगळं केलंत तर खुशाल पुनर्जन्म म्हणा.

पुनरुज्जीवन चालेल. पुनर् अधिक उज्जीवन, म्हणून 'रु' ऱ्हस्व. कचाला दैत्यांनी तीनदा मारलं आणि शुक्राचार्यांनी तीनदा उठवलं, ते हे. तिसऱ्या खेपेला गुरूचं पोट फाडून तो बाहेर आला, म्हणजे कुणाला तरी किंमत मोजावी लागली. कॉमिक्सवाले इथेच कमी पडतात; पण ते असो.

खरा शब्द वेगळाच आहे, आणि तो साताऱ्याच्या माणसाने मला विचारावा याची गंमत वाटते. शब्द आहे 'तोत'.

'तोतया' सगळ्यांना माहीत असतो. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले १७६१ मध्ये. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, भाऊ गेले हे मानलंच नाही. आणि पंधरा वर्षांनी कोकणात भाऊसाहेब म्हणवणाऱ्याने सैन्य जमवलं, किल्ले घेतले. १७७६ मध्ये पकडून त्याला देहान्त शासन झालं. त्या काळच्या लिखाणात नुसतं 'तोत' असंही येतं: अमक्याचा तोत उठला, तमक्याने तोत उभा केला. म्हणजे तोत ही उभी करायची गोष्ट आहे, आपोआप होत नाही. मागे कुणीतरी कारभारी लागतो.

आता व्युत्पत्ती. बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात की हिंदीतला तोता, पोपट, त्यावरून तोतया. पढवलेलं बोलतो म्हणून. नगरवाचनालयात एका जाणत्या गृहस्थांनीही मला हेच ऐकवलं, वर 'कोशात आहे' म्हणून दटावलं. कोशात असेल. पण पोपट पढवलेलं बोलतो तेव्हा मी दुसरा कुणी आहे असं कधी म्हणतो का? नक्कल वेगळी आणि तोतयेगिरी वेगळी. शिवाय पोपटाला मराठीत राघू, रावा, पोपट असे घरचे तीन शब्द असताना फक्त फसवणुकीसाठी हिंदीकडे कशाला हात पसरायचा? माझा तर्क असा, आणि तो तर्क म्हणूनच घ्या, की तोत आणि 'थोतांड' ही सख्खी भावंडं आहेत. खोटा माणूस तो तोत, त्याच्या समर्थनाला रचलेली कहाणी ते थोतांड. 'त'चा 'थ' कसा झाला म्हणून कुणी अडवेल, अडवू दे. अर्थ इतका चपखल बसत असताना एका ठोकळ नियमासाठी मी तो सोडणार नाही.

आणि तोताची राजधानी म्हणाल तर आपलं सातारा. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने हा तोतया आहे अशीच हाकाटी केली. परसोजी भोसले त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले, तेव्हा लोकांची खात्री पटली असं सांगतात. शपथ, कागद, शिक्का यापेक्षा उष्टं ताट मोठं ठरलं. तोतयाचं उष्टं कुठला भोसला खाईल? पुढे १७०८ मध्ये शाहूंना इथेच राज्याभिषेक झाला. शाहू गेल्यावर त्याच ताराबाईंनी रामराजाला पुढे आणलं, हा माझा लपवून वाढवलेला नातू म्हणून. गादीवर बसून वर्ष होतं न होतं तोच, १७५० मध्ये, त्याला अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलं आणि जाहीर केलं की हा नातू नव्हे, गोंधळ्याचं पोर आहे. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली. रिटकॉन रिटकॉन म्हणतात तो याहून काय निराळा असतो?

म्हणून माझं उत्तर: रिटकॉनला थोतांड म्हणा. उदाहरण हवं तर जेसन टॉड घ्या. बॅटमनच्या या दुसऱ्या रॉबिनला जगवायचं की मारायचं यावर १९८८ मध्ये वाचकांचा फोनवरून कौल घेतला: मारा ५३४३, जगवा ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. पुढे २००५ मध्ये तो परत आला. कारण काय, तर दुसऱ्याच विश्वातल्या एका सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर बुक्के मारले, त्या हादऱ्यांनी हा थडग्यात जागा झाला. ज्यांनी पदरचे पैसे भरून फोन केले त्यांच्या मताचं काय झालं? वाचक परतण्यावर चिडत नाही, या थोतांडावर चिडतो.

सुपरमॅनच्या बाबतीत निदान तोत उघड होते. सुपरमॅन मरतो तो, नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीला आलेला ७५ वा अंक कुणाकडे असला तर जरूर पाहा. काळं बंद पाकीट, त्यावर रक्त ओघळणारं 'एस', आत दंडाला बांधायची काळी फीत. पानावर एकच चित्र, म्हणजे एकेक ठोसा पानभर. नंतर त्याच्या जागी चौघे उभे राहिले: एक अर्धा यंत्र, एक निर्दय, एक पोरगेलासा आणि एक पोलादी चिलखतातला, जो बिचारा स्वतः तसा दावाही करत नव्हता. पेशव्यांच्या दफ्तरदाराला हा गोंधळ अजिबात नवा वाटला नसता.

जीन ग्रेचं प्रकरण मात्र मला अजून पचलेलं नाही. १९८० मध्ये एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात ती मेली, स्वतःहून, हातून झालेल्या संहाराची जबाबदारी घेऊन. वाचक रडले. १९८६ मध्ये नव्या मालिकेसाठी ती हवी होती, तेव्हा सांगितलं गेलं की मेली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली फीनिक्स नावाची शक्ती होती. खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी कोशात झोपली होती. आपल्याकडे परत आलेल्याला तोतया म्हणतात. इथे मेलेलीलाच तोतया ठरवलं! सहा वर्षं ज्यांनी सुतक पाळलं त्यांनी कुणाचं पाळलं मग? या उलट्या तोतासाठी मराठीत शब्द नाही, 'मृततोत' कसा वाटतो ते कळवा.

आमच्या पिढीचा वेताळ बरा होता. इंद्रजाल कॉमिक्समधला तो मुखवटेवाला कधी परतलाच नाही, कारण बाप मेला की मुलगा तोच मुखवटा घालायचा. जंगलातल्या लोकांना वाटायचं चारशे वर्षं हा एकच माणूस आहे. पिढ्यान् पिढ्या तोतयेच, पण वाचकाला कटात घेतलेलं. म्हणून आम्ही कधी चिडलो नाही.

हां, बॅरी ॲलन राहिलाच. १९८५ मध्ये गेला, २००८ मध्ये आला. मध्ये त्याचा तोत कुणी उभा केला नाही आणि १९८५ चं मरणही कुणी खोटं ठरवलं नाही. तेव्हा 'बॅरी परत आला' एवढंच लिहा, संस्कृत कशाला हवंय.