वाचकांचे प्रश्न : येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान

प्रश्न : येशूने माणसांच्या पापांसाठी मरण सोसले, असे ख्रिस्ती मानतात. पण एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्या निरपराध माणसाला, हा न्याय कसा?

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे आणि ख्रिस्ती विचारवंतांनीही तो गंभीरपणे घेतला आहे. एकीकडे रागावलेला देव, दुसरीकडे पापी माणूस आणि मध्ये धरून आणलेला कोणी तिसराच, असे चित्र मनात असले की गफलत होते. ख्रिस्ती श्रद्धेत येशू तिसरा नाहीच. तो देवाचाच देहधारी पुत्र. शिवाय आपला प्राण आपण स्वेच्छेने देतो, असे तो योहानाच्या शुभवर्तमानात (10:18) सांगतो.

यामागे यहुदी यज्ञविधी आहेत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थळाच्या सर्वांत आतल्या पवित्र दालनात, शिंपडत. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रमुख याजक लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात सोडून देत (बायबलमधील लेवीय 16). हे दरवर्षी करावे लागे. बायबलच्या नव्या करारातले इब्री लोकांस लिहिलेले पत्र नेमके यावरच बोट ठेवते : विधी पुन्हा पुन्हा करावा लागतो, म्हणजे त्याने पाप पुरते जात नाही, ख्रिस्ताचे अर्पण मात्र एकदाच आणि कायमचे.

या मरणाने तारण नेमके कसे होते, याबद्दल एकमत नाही. काही आद्य धर्मपित्यांनी, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांनी, त्याला सुटकेची खंडणी मानले. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत अन्सेल्मने (सुमारे 1098) देवाच्या अवमानाची भरपाई. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी आपल्या वाट्याची शिक्षा. निकेयाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे जुने अधिकृत निवेदन, यांपैकी एकही उपपत्ती बंधनकारक करत नाही, आणि ते योग्यच वाटते.

प्रश्न : मरणानेच पाप फिटले, तर पुनरुत्थान कशासाठी?

उत्तर : त्याशिवाय सगळेच कोसळते. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून पापातच आहात, असे आरंभीच्या मंडळीचा प्रेषित पौल स्पष्ट लिहितो (1 करिंथ 15:17). मरण पापाचे फळ मानले, तर मरण हरल्याशिवाय पाप हरले असे म्हणता येत नाही. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला, पण त्याच मर्त्य जीवनात. येशूचे उठणे तसे नव्हे. देह तोच, हातांवर जखमा, शिष्यांसमोर मासा खाणारा (लूक 24). तरी आता मरणाच्या आवाक्याबाहेरचा. पौल त्याला ‘प्रथमफळ’ म्हणतो : पुढे विश्वासणाऱ्यांचे जे होणार त्याची ही सुरुवात. नुसते ‘आत्मा अमर आहे’ म्हटल्याने हा अर्थ निसटतो.

प्रश्न : येशूचे मरण शुक्रवारी आणि पुनरुत्थान रविवारी, मग ते तीन दिवस कसे?

उत्तर : यहुदी रीतीत अपुरा दिवसही पूर्ण धरत. शुक्रवार पहिला, शब्बाथ (शनिवार) दुसरा, रविवार तिसरा.