पाचवीत मेरिट, सहावीत सहा मार्क

गणपतीच्या आगेमागे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आई-वडिलांची तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. पहिली घटक चाचणी होऊन गेलेली, पेपर घरी आलेले, आणि पाचवीपर्यंत हुशार म्हणून गाजलेलं मूल सहावी-सातवीत अचानक गडबडलेलं. "मॅडम, असं कधीच झालं नव्हतं." त्यामागचे प्रश्नही ठरलेले. शाळा बदलू का? सेमी काढून पूर्ण मराठीला टाकू का? आणखी एक क्लास लावू का? म्हणजे ही अडचण पोराच्या वाटेतून बाजूला कशी करता येईल, एवढंच त्यांना हवं असतं. माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही. काढू नका, असं मी म्हणते. निदान अडचण नक्की कसली आहे ते कळेपर्यंत तरी नको.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत. तिला गौरी म्हणू.

गौरी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. ती पाचवीत स्कॉलरशिपला बसली आणि जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आली. परीक्षा फेब्रुवारीत झाली, यादी लागली जुलैत, तोवर ही नव्या मोठ्या हायस्कूलला सहावीत गेलेली. तालमीच्या पोरांनी कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. कोल्हापुरात फ्लेक्सला निमित्त लागतंच असं नाही, इथं तर खरोखरच चांगलं होतं. फेटा बांधलेला फोटो, 'पेठेची शान', खाली शुभेच्छुकांचे चेहरे. तो फ्लेक्स अजून नवा होता तेव्हाच गणिताच्या चाचणीत तिला २० पैकी ६ पडले.

घरी तिनं १६ दाखवले. लाल पेन घेऊन सहाच्या आधी एक काढला. पेपर मी पाहिला आहे. बाईंचा लाल जरा काळपट, हिचा गुलाबीकडे झुकणारा, आणि तो 'एक' इतक्या हळू काढलेला की मध्ये हात थरथरलेला दिसतो. पालकसभेत सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. (हे आधी करून घ्यावंच. पोटदुखीला पहिल्या दिवसापासून 'मनाचं आहे' म्हणून मोकळं होणं मला पसंत नाही.) बोलता बोलता आईनं सांगितलं की हल्ली ती कोपऱ्यावरून जातच नाही, मागच्या बोळातून जाते. वडील हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"पोरगी पार खचलीय," ते म्हणाले. "दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय. राजारामपुरीत एक क्लास पण बघितलाय. तुम्ही फक्त सांगा कुठलं आधी करू."

मी म्हटलं, दोन्ही थांबवा आणि तिला माझ्याकडे एकटीला बसू द्या.

"मी ढ झालोय," गौरीचं पहिलं वाक्य. (आमच्या पेठांतल्या मुली 'झालोय'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मनातल्या मनात दुरुस्त करू नये.)

"कधीपासून?"

"सहावीपासून."

"आणि मेरिटमध्ये आली ती कोण?"

"ती आधीची."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. तिचा एक आधार असा की कृतीचं मूल्यमापन करावं, करणाऱ्या अख्ख्या माणसाचं करू नये. सहा मार्क त्या पेपरला पडले, गौरीला नाही. मला हे शंभर टक्के पटतं, पण अकरा वर्षांच्या मुलीला सांगून काही होत नाही. ती मान हलवते आणि घरी जाऊन पुन्हा ढच असते. तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं.

पुढच्या भेटीत मी कोऱ्या कागदावर एक उदाहरण लिहून दिलं. साडेबारा मीटर कापड आहे, सव्वा मीटरचे किती तुकडे होतील? तिनं वाचलं. कागदाच्या खालच्या भागाकडे पाहिलं. मग कागद उलटा करून पाठीमागं पाहिलं.

"पर्याय?"

"नाहीत."

"मग कसं सोडवायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खाली चार आकडे लिहिले: ८, १०, १२, १५. मी पेन ठेवायच्या आत ती म्हणाली, "दहा." कसं? "आठनं दहाच होतात. दहानं बारा पॉइंट पाच. बरोबर."

स्कॉलरशिपचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा, ७५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उत्तराचा गोल काळा करायचा. त्या परीक्षेसाठी ही युक्ती उत्तम आहे, आणि गौरीनं ती घासूनपुसून तयार केली होती. पर्याय उचलायचा, ठेवून बघायचा, बसला तर गोल. उत्तराकडून प्रश्नाकडे जाण्यात ती तरबेज होती. सहावीच्या पेपरात मात्र प्रश्नाकडून निघायचं, तेही पायऱ्या मांडत, सेमीमुळे इंग्रजीत. शिवाय वर्गात पाच-सहा शाळांतले पहिले नंबर एकत्र आलेले. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून मूल डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींवर पद्धतशीर विचार करू लागतं. अभ्यासक्रमही नेमका त्याच सुमाराला ऋण संख्या, अपूर्णांकांचे भागाकार आणि 'क्ष' आणतो. जुनं हत्यार इथं चालत नाही आणि नवं अजून हातात आलेलं नसतं. सहावी-सातवीतल्या बऱ्याच घसरगुंड्या ह्या एवढ्याच असतात.

पण हे मी तिला सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं. मी फक्त म्हटलं, "उत्तर दहा आहे हे आता दोघींना माहीत आहे. समज, मला गणितातलं काहीच कळत नाही. दहा कसे आले ते मला लिहून दाखव."

बराच वेळ गेला. तिनं आधी साडेबारा आणि सव्वाचा गुणाकार मांडला, पंधराच्या वर गेली आणि थांबली. "वाढलं," ती स्वतःशीच म्हणाली. "वाढायला नको." आणि ती ओळ खोडली. मग २५/२ भागिले ५/४ लिहिलं, उलटं करून गुणलं आणि दहा आणले. खोडलेल्या ओळीवरून आडव्या दोन रेघा होत्या, नीट, पट्टीनं मारल्यासारख्या.

"ही ओळ चुकली हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच कळलं."

थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे मला गणित येतं. मला मांडायला येत नाही."

वर्षानुवर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत बसते तो हाच. 'ढ झालोय' पासून 'मांडायला येत नाही' पर्यंतचा प्रवास मोठा आहे, कारण पहिल्यावर काही करता येत नाही आणि दुसऱ्यावर उद्या सकाळी काम सुरू करता येतं. काय करायचं तेही तिनंच ठरवलं: रोज तीन उदाहरणं, पर्यायांशिवाय, आणि ती शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला समजावून सांगायची. राजारामपुरीच्या क्लासनं बहुधा तिला अजून तीनशे उदाहरणं दिली असती.

वडिलांना हे पटवणं जास्त अवघड गेलं. शेवटी मी त्यांना विचारलं, नवा पोरगा लेथवर उभा केला की पहिल्या महिन्यात काय होतं? "जॉब बिघडतात की चार-दोन. हात बसायला वेळ लागतो." मग तुम्ही काय करता, त्याच्या हातातून काढून घेऊन स्वतः करता? ते हसले. "तसं केलं तर जन्मभर मलाच करायला लागेल." मग म्हणाले, "फॉर्म राहू दे मग."

फ्लेक्सचा विषय मी मुद्दाम काढला. कौतुक करूच नये असं नाही, कोल्हापूरकरांना ते जमणारही नाही. पण कशाचं कौतुक होतं, याला महत्त्व आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं पुढे सोपं काम निवडत होती, कठीण कोडी सुटली नाहीत की लवकर हार मानत होती. आणि नंतर अनोळखी मुलांना आपले गुण कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातली बरीच मुलं ते वाढवून सांगत होती. प्रयत्नांचं कौतुक झालेल्यांत हे खूप कमी होतं. सहाच्या आधीचा तो गुलाबी 'एक' मला म्हणूनच खोटारडेपणाचा वाटला नाही. 'पेठेची शान'ला सहा पडूच शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता. आईला मी सांगितलं, रागवा, पण खोटं बोलल्याबद्दल रागवा, सहाबद्दल नको. आणि "किती पडले?" च्या आधी "कुठं अडलं होतं?" विचारा. सुरुवातीला ते नाटकी वाटेल, वाटू दे.

आता एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण 'अडचणीनं मूल घडतं' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्तात वापरलं जातं. शिक्षक मारत असतील, मुलं टोळीनं छळत असतील, तर त्यानं कुणी घडत नाही. तिथं मोठ्यांनीच आज, आत्ता उतरायचं. मूल सहावीतही अक्षरं चुकवत, अडखळत वाचत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्याला 'जास्त मेहनत कर' सांगणं हा अन्याय आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, 'मी नसतो तर बरं' असं काही बोललं असेल तर समुपदेशकाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मी ज्या अडचणीबद्दल बोलतेय ती मुलाच्या हाताच्या एक वीतभर पुढं असते. थोडं ताणलं की पोचतं, आणि पोचल्यावर आपणच पोचलो हे त्याला दिसतं.

गौरीला पुढच्या चाचणीत ११ पडले. वडिलांचा चेहरा काही फुलला नाही. ती मात्र पेपर घेऊन माझ्याकडे आली आणि चुकलेल्या उदाहरणांपैकी दोन कुठं चुकली ते सांगत बसली. तिसरं अजून कळलं नव्हतं. "बाईंना विचारलं, परत विचारतो," म्हणाली. पोटदुखी दिवाळीच्या आत थांबली होती. ती कधी थांबली हे घरात कुणालाच नेमकं सांगता आलं नाही.

जाताना वडील दारात थांबले. धाकटा तेव्हा चौथीत. "मॅडम, ह्याला स्कॉलरशिपच्या क्लासला घालू का नको?" घाला की, म्हटलं. फक्त आठवड्यातून एक दिवस पर्यायांवर कागद झाकून सोडवायला लावा, आणि कोपऱ्यावरच्या पोरांना आधीच सांगून ठेवा.